जुने मिनिकॉम्प्युटर आणि त्यांचें जाळें

कोणास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा नाद असतो, कोणास बंद पडलेलीं घड्याळें चालू करण्याचा. जुनी मोटार वर्षभर पुसूनपासून एखाद्या रविवारीं रस्त्यावर काढणारे शोकीन लोकही तुम्हीं पाहिले असतील. याच जातीचा, परंतु बराच अधिक खटाटोपाचा असा एक छंद युरोप-अमेरिकेंत कित्येक वर्षें चालू आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नाहीं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं ज्यांस 'मिनिकॉम्प्युटर' म्हणत, तीं गणकयंत्रें भंगारांतून सोडवून आणावयाचीं, दुरुस्त करावयाचीं, चालतीं करावयाचीं, आणि इतकें झाल्यावर दुसऱ्या गांवच्या, दुसऱ्या देशाच्या हौशी माणसाकडील तशाच यंत्रांशीं जोडून द्यावयाचीं, असा हा छंद आहे. हा उद्योग करणाऱ्यांस त्यांचे शेजारी बहुधा वेडे म्हणत असतील. परंतु वेड कशाचें आहे हें नीट पाहिल्यावांचून असा शेरा मारणें बरें नव्हे.

'मिनि' म्हणजे लहान. पण या नांवावरून हातांत मावणाऱ्या वस्तूची कल्पना कोणी करूं नये. यांतील लहान यंत्रही पुष्कळदां घरच्या फ्रिजाच्या जवळपास जाई, आणि मोठें म्हणजे भिंतीला लावलेली कपाटांची रांगच. त्यांस लहान म्हणण्याचें कारण त्यांच्या वडीलधाऱ्यांत शोधलें पाहिजे. १९६० च्या सुमारास गणकयंत्र म्हटलें म्हणजे थंड हवेची स्वतंत्र खोली आणि यंत्राजवळ जाण्याचा अधिकार असलेले मोजके लोक, असा थाट असे. ज्यास एखादें गणित सोडवून घ्यावयाचें असेल, त्यानें तें कार्डांवर छिद्रांच्या रूपानें उमटवून खिडकींतून आंत द्यावें, आणि उत्तरासाठीं पुन्हां कधीं तरी यावें. आपल्या गणितांत एक स्वल्पविराम चुकला आहे हें कळावयासही दुसरा दिवस उजाडे. मिनिकॉम्प्युटरनें ही रीत मोडली. तो प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांत उभा राहिला, आणि ज्याचें काम आहे त्यानें स्वतः त्याच्या समोर बसावें, अशी सोय झाली.

ही सोय करणाऱ्यांत एका कंपनीचें नांव अग्रभागीं आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मेनार्ड नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या इमारतींत १९५७ सालीं केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन तरुण इंजिनिअरांनीं ७०,००० डॉलरांच्या भांडवलावर 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' काढली. लोकांनीं या लांबलचक नांवाचें 'डेक' असें आटोपशीर रूप केलें. आपणही तेंच वापरूं. १९६५ सालीं डेकनें 'पीडीपी-८' हें यंत्र बाजारांत आणलें. किंमत सुमारें १८,००० डॉलर. सामान्य माणसाच्या दृष्टीनें ही रक्कम मोठीच; परंतु त्या काळच्या इतर गणकयंत्रांशीं तुलना करतां ती इतकी अल्प होती, कीं महाविद्यालयें, इस्पितळें, कारखाने, वृत्तपत्रांचे छापखाने यांना ती परवडूं लागली. या घराण्याचीं ५०,००० हून अधिक यंत्रें पुढें विकलीं गेलीं. १९७० सालीं 'पीडीपी-११' आलें, आणि १९७७ सालीं 'व्हॅक्स'. पीडीपी-८ ची रचना करणारा एडसन दि कास्ट्रो १९६८ सालीं डेक सोडून गेला आणि 'डेटा जनरल' ही प्रतिस्पर्धी कंपनी काढून 'नोव्हा' नांवाचें यंत्र विकूं लागला. व्यापारांतील ही कथाही मनोरंजक आहे, पण ती येथें विस्तारानें सांगत बसत नाहीं. बेल लॅबोरेटरींत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' ही कार्यप्रणाली १९६९ सालीं सुरू केली, ती डेकच्याच पीडीपी-७ या यंत्रावर. आणि लवकरच ती पीडीपी-११ वर नेली. आज तुमच्या वडिलांच्या खिशांतील फोनमध्यें जी प्रणाली चालते, तिच्या पूर्वजांच्या वंशावळींत हें नांव सांपडतें.

आपल्याकडेही ही लाट आली होती. मुंबईंतील ट्रॉम्बे येथें अणुशक्तीच्या कामासाठीं जीं इलेक्ट्रॉनिक उपकरणें तयार होऊं लागलीं, त्यांच्यांतूनच पुढें हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. तिनें १९६९ सालीं 'टीडीसी-१२' नांवाचा बारा बिटांचा संगणक दिला. त्या नांवांतील पहिलें अक्षर म्हणजे ट्रॉम्बेच होय.

पुढें एकाच चकतींत सबंध गणकाचा मेंदू मावूं लागला, टेबलावरील संगणक स्वस्त झाले, आणि मिनिकॉम्प्युटरचे दिवस भरले. १९९८ सालीं डेक ही कंपनीच 'कॉम्पॅक' नें विकत घेतली, आणि २००२ सालीं कॉम्पॅक 'ह्युलेट-पॅकार्ड' मध्यें विलीन झाली. ज्या यंत्रांसाठीं एके काळीं मंजुऱ्या घ्याव्या लागत, तीं आतां हमाल बोलावून बाहेर काढण्याची वेळ आली. कित्येक यंत्रें सोन्याच्या मुलाम्यासाठीं तोडलीं गेलीं, कारण त्यांच्या जोडण्यांवर अत्यल्प का होईना, सोनें असे. जीं वांचलीं, तीं बहुधा अशा कोणा माणसामुळें, ज्यानें तरुणपणीं त्या यंत्रावर काम केलें होतें आणि ज्याच्या घरीं गाडी ठेवण्याची जागा गाडीवांचून राहूं शकत होती.

आतां अशा यंत्राशीं बोलतात कसें तें पाहूं. पीडीपी-८ च्या दर्शनी भागावर बारा खटक्यांची एक ओळ असते, आणि वर दिव्यांच्या कांहीं ओळी. खटका एका बाजूस असला म्हणजे शून्य, दुसऱ्या बाजूस असला म्हणजे एक. बारा खटके मिळून जी संख्या होते तीस या यंत्राचा एक 'शब्द' म्हणतात. बारा अंकांची शून्य-एकांची माळ वाचणें डोळ्यांस त्रासाचें. म्हणून तीन-तीन खटक्यांचा एक गट करून त्यास ० ते ७ पर्यंतचा एक आंकडा देतात. अशा रीतीनें प्रत्येक शब्द चार आंकड्यांत लिहितां येतो. आठ आणि नऊ हे आंकडे येथें नाहींतच. गणिताच्या तासाला निरनिराळ्या पायांच्या संख्या शिकवितांना 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न ज्यांच्या चेहऱ्यावर दिसतो, त्यांनीं येथें क्षणभर थांबावें.

यंत्राच्या स्मृतींत असे ४,०९६ शब्द राहतात. ती स्मृति म्हणजे फेराइटच्या बारीक काळ्या कड्या, तारांच्या जाळींत ओंवलेल्या. एका बिटास एक कडी, म्हणजे एकंदर ४९,१५२ कड्या झाल्या. कडीचें चुंबकत्व एका दिशेनें असलें म्हणजे शून्य, उलट दिशेनें असलें म्हणजे एक. गंमत अशी, कीं कडी वाचतांच तिच्यांतील मजकूर पुसला जातो, आणि यंत्रास तो त्याच क्षणीं पुन्हां लिहून ठेवावा लागतो. दुसरी गंमत याहून मोठी: वीज गेली तरी कड्यांचें चुंबकत्व जात नाहीं. काल बंद केलेलें यंत्र आज सुरू केलें, तर कालचा मजकूर जागच्या जागीं असतो.

मूलभूत आज्ञा आठच. त्यांत वजाबाकीची आज्ञा नाहीं. इतकेंच काय, 'ही संख्या उचल' अशी साधी आज्ञाही नाहीं. आधीं पाटी पुसावयाची आणि मग पुसलेल्या पाटींत संख्या मिळवावयाची, म्हणजे ती उचलल्यासारखीच झाली. यंत्रांतील या पाटीस 'अक्युम्युलेटर' म्हणतात.

दोन आणि तीन यांची बेरीज करावयाची आहे असें समजा. प्रथम खटक्यांवर ०२०० ही संख्या मांडून 'पत्ता भर' हा खटका दाबावा. म्हणजे स्मृतींतील ०२०० क्रमांकाचें घर उघडलें. आतां खटक्यांवर ७३०० मांडून 'ठेव' हा खटका उचलावा. हा शब्द त्या घरांत गेला, आणि यंत्र आपोआप ०२०१ या घराशीं जाऊन उभें राहिलें. त्याच प्रकारें पुढील घरांत क्रमानें १२०५, १२०६, ३२०७, ७४०२, ०००२, ०००३ आणि ०००० हे शब्द ठेवावे. ७३०० म्हणजे पाटी पूस. १२०५ म्हणजे ०२०५ या घरांतील संख्या पाटींत मिळीव. १२०६ म्हणजे त्यापुढील घरांतील मिळीव. ३२०७ म्हणजे पाटीवरील उत्तर ०२०७ या घरांत ठेव आणि पाटी कोरी कर. ७४०२ म्हणजे थांब. पुढल्या दोन घरांत आपल्या दोन संख्या आहेत आणि शेवटचें घर उत्तरासाठीं मोकळें आहे. पुन्हां ०२०० हा पत्ता भरून 'सुरू' हा खटका दाबला, कीं काम होऊनही जातें; कारण पीडीपी-८ चा स्मृतींत एकदां जाऊन येण्याचा वेळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट इतकाच आहे. मग ०२०७ हें घर उघडून पाहावें. दिव्यांच्या ओळींत उजवीकडील पहिला आणि तिसरा असे दोन दिवे लागलेले दिसतात. एक आणि चार, मिळून पांच.

पांच मिळविण्यासाठीं एवढा व्याप कशाला, असें पालकांपैकीं कोणी म्हणतील. बोटांवर मोजून हें उत्तर लवकर येतें, हें खरें आहे. परंतु या व्यापांत एकही गोष्ट पडद्याआड झालेली नाहीं. कोणती संख्या कोठें ठेवली, ती केव्हां उचलली, कोठें नेली, हें सर्व मुलाच्या हातून आणि डोळ्यांदेखत झालें. आजच्या फोनवर बोट ठेवल्याबरोबर जें घडतें, त्यांत याच जातीच्या कोट्यवधि पायऱ्या आहेत. मात्र त्यांतील एकही दिसण्याची सोय त्याच्या कर्त्यांनीं ठेवलेली नाहीं, आणि इतक्या पायऱ्या दाखविणें शक्यही नव्हतें. मला विचाराल तर या छंदाचें खरें महत्त्व येथेंच आहे. एका माणसाच्या बुद्धींत संपूर्ण मावेल असा हा बहुधा शेवटल्या पिढ्यांतील संगणक होय.

आठ शब्द हातानें भरणें सोपें. हजारों शब्दांचें काय? त्यासाठीं कागदी फीत असे. टेलिटाइप नांवाचें एक खडखडाट करणारें टंकयंत्र संगणकास जोडलेलें असे, आणि त्याच्या कडेस छिद्रांची फीत वाचण्याची सोय असे. त्याचा वेग सेकंदास दहा अक्षरें. एका शब्दास फितीवरील दोन ओळी लागत, म्हणजे सबंध स्मृति भरावयास सुमारें चौदा मिनिटें. आणि फीत कशी वाचावी हें यंत्रास आधीं कोण सांगणार? तेवढ्या दीडएक डझन शब्दांची आज्ञावली मात्र खटक्यांनींच भरावी लागे. जुन्या लोकांस ती तोंडपाठ असे. आज सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थास विचारलें तर तो ते आंकडे पाढ्यांसारखे घडघडा म्हणून दाखवील.

दीर्घकाळ निजलेलें यंत्र जागें करणें हें धीराचें काम आहे. भंगारांतून आणलेल्या यंत्राची वायर भिंतींतील प्लगांत घालून बटण दाबणें ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. वीजपुरवठ्याच्या भागांत डब्यासारखे मोठाले कपॅसिटर असतात. त्यांच्या आंतील रासायनिक थर वर्षानुवर्षें वीज न मिळाल्यानें झिजलेला असतो. एकदम पूर्ण दाब दिला तर ते तापतात, फुटतात, आणि आपल्याबरोबर स्मृतीच्या पाट्याही घेऊन जातात. म्हणून जाणते लोक आधीं सर्व पाट्या काढून ठेवतात, वीजपुरवठा एकटा बाहेर घेतात, त्यास दिव्यांचें अगर रोधकांचें खोटें ओझें जोडतात, आणि कमी दाबापासून सुरुवात करून हळूहळू, कांहीं तासांच्या हिशेबानें, दाब चढवीत नेतात. जो कपॅसिटर सुधारत नाहीं तो बदलतात. पांच व्होल्ट बरोबर पांच व्होल्टच येत आहेत, हें मोजून झाल्यावर मग एकएक पाटी आंत जाते. आमच्या विद्यार्थ्यांस येथें एक ताकीद देणें अवश्य आहे: बंद केलेल्या यंत्राच्या कपॅसिटरांतही जीवावर बेतण्याइतकी वीज शिल्लक असूं शकते. हें काम जाणत्या माणसावांचून करूं नये, आणि कोणीही एकट्यानें करूं नये.

दुसरा शत्रु म्हणजे स्पंज. हवा गाळण्यासाठीं आणि आवाज कमी करण्यासाठीं त्या काळीं यंत्रांत जागोजाग स्पंजाच्या पट्ट्या बसवीत. चाळीस वर्षांनीं त्या स्पंजाचा काळा चिकट भुगा होतो. तो भुगा तबकडीच्या यंत्रांत गेला तर अनर्थच. डेकच्या आरके-०५ या यंत्रांत चौदा इंच व्यासाची तबकडी फिरते, आणि तिच्यावरून वाचणारें डोकें हवेच्या पातळ थरावर तरंगत जातें. तो थर माणसाच्या केसाच्या जाडीहून पुष्कळच पातळ असतो. एक कण मध्यें आला कीं डोकें तबकडीवर आपटतें आणि वरचा लेप खरवडून काढतें. त्याबरोबर तेथें लिहिलेला मजकूरही कायमचा जातो. या एवढ्या थोरल्या तबकडीवर मावत किती? सुमारें अडीच मेगाबाइट. तुमच्या फोननें काढलेलें एखादें छायाचित्र कधीं कधीं तीवर राहणार नाहीं.

मात्र दुरुस्तीच्या बाबतींत जुन्या यंत्राचा एक मोठा गुण आहे. डेक आपल्या यंत्रांबरोबर त्यांचे संपूर्ण नकाशे देत असे. प्रत्येक तार कोठून कोठें जाते तें त्यांत दिसतें. हे नकाशे आणि हजारों पुस्तिका हौशी लोकांनीं पान-पान छायांकित करून 'बिटसेव्हर्स' नांवाच्या संग्रहांत सर्वांसाठीं खुल्या ठेवल्या आहेत. बिघाड कोठें आहे हें ऑसिलोस्कोप लावून तारेमागून तार शोधीत जावें, आणि शेवटीं दोषी ठरलेला भाग काढून दुसरा बसवावा. हे लहानसे भाग पुष्कळ अंशीं आजही बाजारांत मिळतात. आधुनिक संगणकाची चकती बिघडली तर ती टाकून देण्यावांचून दुसरा इलाज नसतो.

ज्यांस फ्रिजाएवढें यंत्र घरांत आणतां येत नाहीं, त्यांनीं काय करावें? त्यांच्यासाठीं सोंगाचा मार्ग आहे. आजच्या साध्या संगणकावर अशी आज्ञावली चालवितां येते, जी हुबेहूब पीडीपी-८ चें, पीडीपी-११ चें अगर व्हॅक्सचें सोंग घेते. यांत 'सिमएच' ही प्रसिद्ध आहे. डेकमध्यें अधिकारपदावर असलेल्या बॉब सपनिक यांनीं ती १९९३ सालीं सुरू केली. जुनी कार्यप्रणाली या सोंगास खरें यंत्र समजते आणि निमूटपणें चालूं लागते. कांहीं हौशी लोक या सोंगास मुखवटाही देतात: रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर सिमएच चालवावयाचें, आणि पुढें मूळ यंत्रासारखे, पण लहान आकाराचे, खटके व दिवे असलेला दर्शनी भाग बसवावयाचा. खरें यंत्र बाळगणारे कर्मठ लोक याकडे नाक मुरडून पाहतात. मला ती नापसंति पटत नाहीं. १९७५ सालीं पॉल ॲलन व बिल गेट्स यांनीं छोट्या संगणकासाठीं आपली पहिली बेसिक भाषा तयार केली, तेव्हां तो छोटा संगणक त्यांच्याजवळ नव्हता. हार्वर्ड येथील डेकच्या मोठ्या पीडीपी-१० वर ॲलननें त्याचें सोंग उभें केलें आणि त्यावर काम भागविलें. मोठ्यानें छोट्याचें सोंग घेतलें होतें. आतां छोटें मोठ्याचें घेत आहे.

सोंगाच्या या विद्येमुळें मेलेलें सॉफ्टवेअरही उठलें आहे. युनिक्सच्या अगदीं पहिल्या काळांतील गाभ्याची मूळ फीत कोणाजवळ नव्हती. १९७२ सालचा एक छापील कागदांचा गठ्ठा तेवढा शिल्लक होता. २००८ सालीं कांहीं उत्साही मंडळींनीं तो पानामागून पान संगणकांत उतरवून घेतला, चुका दुरुस्त केल्या, आणि सोंगाच्या पीडीपी-११ वर तें युनिक्स पुन्हां चालूं लागलें.

आतां जाळ्याकडे वळूं. संगणकांचें जाळें ही मिनिकॉम्प्युटरवर मागाहून चढविलेली झूल नव्हे. त्या जाळ्याचा जन्मच मिनिकॉम्प्युटरच्या मांडीवर झाला. आजच्या इंटरनेटचें आदिरूप 'अर्पानेट'. त्यांत मोठ्या संगणकांस एकमेकांशीं थेट न जोडतां प्रत्येकाच्या दाराशीं एक छोटा संगणक पोस्टमनासारखा बसविला होता. तो म्हणजे हनिवेल कंपनीचा 'डीडीपी-५१६' हा मिनिकॉम्प्युटर. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानें स्टॅनफर्ड येथील संशोधन-संस्थेच्या यंत्राकडे 'लॉगिन' हा शब्द अक्षरें एकामागून एक दाबून पाठविण्यास आरंभ केला. 'एल' पोंचलें, 'ओ' पोंचलें, आणि पलीकडील यंत्र बंद पडलें. या जाळ्यावरून गेलेला पहिला निरोप दोन अक्षरांचाच ठरला. तासाभरानें पुन्हां प्रयत्न केला तेव्हां सबंध शब्द गेला.

डेकनें आपल्या यंत्रांसाठीं 'डेकनेट' या नांवाचें स्वतःचें जाळें १९७५ च्या सुमारास काढलें. त्याची थोडी रचना सांगतों, कारण हौशी लोकांचें आजचें जाळें त्यावरच उभें आहे. डेकनेटच्या चौथ्या आवृत्तींत प्रत्येक यंत्रास दोन आंकड्यांचा पत्ता असतो: पहिला विभागाचा, १ ते ६३, दुसरा त्या विभागांतील यंत्राचा, १ ते १०२३. म्हणजे सबंध जाळ्यांत यंत्रें फार तर ६४,४४९. त्याशिवाय प्रत्येकास एक नांव, सहा अक्षरांच्या आंतलें. दुसऱ्या यंत्रावरील फाइल हवी असेल तर तिच्या नांवापूर्वीं त्या यंत्राचें नांव आणि दोन विसर्गचिन्हें लिहावयाचीं. फाइल आपल्याच घरांतली असल्यासारखी येते. 'फोन' नांवाची एक सोय आहे, तींत पडद्याचे दोन भाग होतात, आणि पलीकडचा मनुष्य जें अक्षर दाबील तें त्याच क्षणीं आपल्यास दिसतें, त्याची खाडाखोडसुद्धां.

हौशी लोकांनीं आपल्या यंत्रांचें जें डेकनेट उभें केलें आहे त्यास 'हेक्नेट' म्हणतात. स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठाच्या संगणक-मंडळांत त्याचें मूळ आहे, आणि त्याचे सभासद अनेक देशांत पसरलेले आहेत. अडचण अशी, कीं डेकनेटची बोली आजच्या इंटरनेटला येत नाहीं. मग डेकनेटचें पुडकें तसेंच्या तसें दुसऱ्या पाकिटांत घालावयाचें, त्यावर इंटरनेटचा पत्ता लिहावयाचा, आणि पलीकडच्या घरीं तें पाकीट फोडून आंतील पुडकें तेथील तारेवर सोडून द्यावयाचें, अशी युक्ति काढली आहे. हें काम एक लहानशी आज्ञावली करते. उप्सालाचें यंत्र आणि अमेरिकेंतील यंत्र यांस आपण एकाच खोलींत, एकाच तारेवर आहोंत असेंच वाटतें.

यांत खांचखळगे आहेत, आणि ते ज्याचे त्यानें अनुभवावे लागतात. डेकनेट सुरू होतांच इथरनेटच्या कार्डास कारखान्यांतून मिळालेला पत्ता बाजूस सारतें आणि विभाग व यंत्र यांच्या आंकड्यांवरून नवा पत्ता धारण करतें. बिनतारी जाळ्यांना हें वेषांतर बहुधा खपत नाहीं. म्हणून जुन्या यंत्रास तारेनेंच जोडलेलें बरें. दोघांनीं चुकून एकच आंकडा घेतला तर दोघांचेंही दळणवळण विस्कटतें. यासाठीं कोणीतरी बसून पत्त्यांची वही सांभाळावी लागते, आणि नवा सभासद आला म्हणजे त्यास विचारपूस करून विभाग नेमून द्यावा लागतो. शिवाय ज्या काळीं हें जाळें रचलें त्या काळीं त्यावरील माणसें एकमेकांस ओळखत असत; परवलीचा शब्दही उघड्यावरून जातो. म्हणून जाणते लोक असें यंत्र मोकळ्या इंटरनेटवर कधींच सोडीत नाहींत. सभासदांमधील पाकिटांस कुलूप घालतात.

तारखेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. पीडीपी-८ च्या 'ओएस-८' या प्रणालींत वर्षासाठीं तीनच बिट राखून ठेवले होते. म्हणजे १९७० ते १९७७ एवढींच वर्षें. पुढें आणखी दोन बिट शोधून तोडगा काढला, तोही या शतकाच्या आरंभाशीं संपला. हीं यंत्रें इतकीं वर्षें चालतील असें त्यांच्या कर्त्यांस वाटलेंच नव्हतें.

तीं पुढें किती वर्षें चालतील, हा प्रश्न मात्र आज खरोखरच उभा आहे. अमेरिकेंत सिॲटल येथें पॉल ॲलन यांनीं स्थापन केलेलें 'लिव्हिंग कॉम्प्युटर्स' नांवाचें संग्रहालय २०१२ सालीं लोकांस खुलें झालें. त्याची विशेषता ही, कीं तेथील जुनीं यंत्रें कांचेमागें ठेवलेलीं नसत. तीं चालत, आणि जगांतील कोणीही मनुष्य घरबसल्या जाळ्यावरून त्यांवर काम करूं शके. ॲलन २०१८ सालीं वारले. २०२० सालीं साथीमुळें संग्रहालयाचे दरवाजे बंद झाले, ते पुन्हां उघडले नाहींत. २०२४ सालीं तें कायमचें बंद झाल्याचें जाहीर होऊन तेथील कित्येक वस्तु लिलांवांत निघाल्या. लिलांवांत घेतलेलें यंत्र दिवाणखान्याची शोभा वाढवील. पण जो तें चालवीत होता, तो कांहीं लिलांवांत मिळत नाहीं. कॅलिफोर्नियांतील माउंटन व्ह्यू येथील संग्रहालयांत डेकचें पहिलें यंत्र, पीडीपी-१, हौशी लोकांनीं चालू करून ठेवलें आहे आणि त्यावर १९६२ सालचा 'स्पेसवॉर' हा खेळ दाखवितात, एवढें समाधान.

यंत्र आहे, माणूस आहे, तरी हक्काचाही प्रश्न असतो. व्हॅक्सवरील 'व्हीएमएस' ही प्रणाली हौशी लोकांस बिनखर्चानें वापरूं देण्याची योजना १९९७ पासून चालू होती. २०२० सालीं ती गुंडाळण्याचें जाहीर झालें आणि २०२१ अखेर ती संपली. प्रणाली पुढें चालविणाऱ्या नव्या कंपनीनें हौशी लोकांसाठीं दुसरी योजना काढली. परंतु तींत व्हॅक्सचा समावेश केला नाहीं. जें सॉफ्टवेअर आज कोणी विकत नाहीं, विकत घेऊंही शकत नाहीं, त्याचीच किल्ली मिळूं नये, यांत कायद्याचा कोणता लाभ होतो तें मला तरी समजलेलें नाहीं.

ज्या कोणास हें करून पाहावयाचें असेल, त्यास खर्च कांहीं नाहीं. सिमएच विनामूल्य मिळतें, आणि शाळेंतील कोणत्याही संगणकावर चालतें. त्यांत खटक्यांऐवजीं 'ठेव', 'पाहा' आणि 'चालीव' या अर्थाच्या तीन आज्ञा आहेत. वर दिलेले आठ शब्द ०२०० पासून क्रमानें भरावे, चालवून पाहावें, आणि ०२०७ या घरांत ०००५ आलें कीं नाहीं तें तपासावें. मग ०२०६ या घरांतील ०००३ काढून तेथें ७७७७, म्हणजे बाराही खटके एकाच बाजूस केलेला शब्द, ठेवावा आणि पुन्हां चालवावें. दोनांत या यंत्रास माहीत असलेली सर्वांत मोठी संख्या मिळविली असतां उत्तर ०००१ येईल. वजाबाकीची आज्ञा नसलेलें यंत्र वजाबाकी कशी करतें, हें त्यावरून ज्या विद्यार्थ्यास उलगडेल, त्यानें तें कागदावर मांडून मला आणून दाखवावें.